गुळवेल: ओळखणारा हात आणि विकत घेणारा हात

टेबलावर हा बोटाएवढ्या जाडीचा तुकडा ठेवलाय, तो गुळवेलीचा. पंधरा दिवसांपूर्वी तोडलेला. तेव्हापासून त्याला ना माती मिळाली ना पाणी, तरी एका पेरावर कोंब आलाय. आपल्याकडे जुन्या घरांत गुळवेलीचा तुकडा खुंटीला टांगून ठेवत, तो तिथेच हिरवा राही आणि दोऱ्यासारखी मुळं खाली सोडी. आजचा विषय ही वेल. पण तिचे गुणधर्म सांगायला मी उभा नाही, ते वैद्यांचं काम. मला प्रश्न पडलाय तो असा, की ‘हीच ती गुळवेल’ हे आजवर कोण ठरवत आलं?

सुरुवात नावांपासून करू. संस्कृत कोशांत आणि निघंटूंत हिला ढीगभर नावं आहेत. आपण ती पाठांतराची गोष्ट समजतो. पण नीट बघा. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी वाढणारी. हा कोंब तुमच्या समोरच आहे. कुंडली म्हणजे वेटोळे घालणारी. वत्सादनी म्हणजे वासरं जिचा पाला खातात ती. आणि माझं आवडतं नाव, चक्रलक्षणा. खोड आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. या नावांत औषधाचा गुण फारसा नाहीच, ओळखायच्या खुणा आहेत. ज्या काळी चित्र छापता येत नव्हतं, त्या काळी शिष्याला रानात पाठवायचं तर हीच सोय. ‘अमृता’ या नावामागे मात्र कथा आहे. रावणवधानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, त्याचे थेंब जिथे पडले तिथे ही वेल उगवली, असं सोळाव्या शतकातला भावप्रकाश सांगतो. कथा गोड आहे, वेल मात्र चांगलीच कडू.

आता जरा दक्षिणेकडे, कोचीला जाऊ. साल 1675. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारचा कमांडर हेंड्रिक व्हान र्‍हीड याने तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला. पुढे तो ‘हॉर्टस मलाबारिकस’ नावाने अ‍ॅमस्टरडॅमला 12 खंडांत निघाला, 1678 ते 1693 या काळात. त्याच्या सातव्या खंडात आपली वेल आहे, ‘सिटामेर्दु’ या नावाने. मल्याळम ‘चिट्टमृत’ डच कानांनी ऐकला की असा होतो! त्यातही ‘अमृत’ टिकलंय, हे लक्षात घ्या.

पण मला सांगायचंय ते माणसांबद्दल. या ग्रंथाचा मोठा आधार होता इट्टी अच्युदन हा एळवा समाजातला मलयाळी वैद्य. घराण्यात चालत आलेलं ज्ञान त्याच्याकडे होतं. त्याच्या जोडीला होते रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट, हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून बरीच कोकणी कुटुंबं कोचीकडे गेली होती, हे तुम्हाला ठाऊक असेलच. या तिघांनी महानिघंटूच्या आधारे माहिती पडताळली आणि तसं प्रमाणपत्र लिहून दिलं, कोकणीत, नागरी लिपीत. ते ग्रंथात छापलेलं आहे. सतराव्या शतकात, अ‍ॅमस्टरडॅममध्ये, नागरी अक्षरं! आपल्याकडे छपाई रुळायला त्यानंतर शतकाहून जास्त काळ गेला.

आणि त्यांची रीत बघा. याद्या देऊन माणसं रानात पाठवली जात, झाडं पानाफुलाफळांसकट आणली जात, समोर ठेवून चित्रकार काढत, आणि वैद्य नाव सांगत. म्हणजे वेल, तिला ओळखणारा आणि तिच्याबद्दल लिहिणारा, तिघं एका खोलीत. अर्थात झाडावर चढून वेल तोडून आणणाऱ्याचं नाव तिथेही नाही. ते कुठल्याच ग्रंथात नसतं.

एकोणिसाव्या शतकात ही खोली मोडली. इंग्रज डॉक्टरांना क्विनाइनला आणि बाहेरून येणाऱ्या कडू औषधांना स्वस्त देशी पर्याय हवे होते. 1868 च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त गुळवेल अधिकृत औषध म्हणून आली. 1900 मध्ये ब्रिटिश फार्माकोपियाला भारत आणि वसाहतींसाठी पुरवणी जोडली, तीतही ती होती. मान मिळाला, यात शंका नाही. पण आता वेल दवाखान्यात पोचायची ती वाळलेल्या तुकड्यांच्या किंवा अर्काच्या रूपात. वाळलेल्या तुकड्याला कोंब फुटत नाही, त्याचा पालाही वासराला दाखवता येत नाही. निम्म्या खुणा तिथेच गेल्या.

आपल्या बाजूला शंकर दाजीशास्त्री पदे यांचं ‘आर्यभिषक्’ मराठी घरांत पोचलं. घरच्या घरी गुळवेलसत्त्व काढायची पद्धत अनेकांना माहीत होती. ओली खोडं कुटायची, पाण्यात भिजवून कुस्करायची, गाळायची, निवळ पाणी ओतून द्यायचं, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. किलोभर खोडातून जेमतेम मूठभर सत्त्व निघतं. म्हणून बाजारात भेसळ आली. पांढऱ्या पिठात पांढरं पीठ मिसळलं तर डोळ्यांना काय कळणार? तिथे तर चक्रही उरलं नाही.

मग आलं 2020. टाळेबंदीत काढ्यांची लाट आली. ज्यांनी उभ्या आयुष्यात ही वेल पाहिली नव्हती ते ‘गिलोय’ची पुडी मागू लागले. हिंदी नाव मराठी घरात शिरलं, ते पुडीवरूनच. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण दिसले, सगळे गुळवेल घेणारे. 2021 मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला. त्यांचा मुद्दा असा, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती हे तपासलं का? टिनोस्पोरा क्रिस्पा ही जवळची बहीण असेल. तिच्या खोडावर गाठीगाठी असतात. पुढच्या वर्षी 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला, आणि त्या डॉक्टरांनी बोट ठेवलं ते गुळवेलीवरच. त्यांच्या मते शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटते त्या आजारासारखं हे चित्र होतं, आणि तशी प्रवृत्ती आधीच असलेल्यांना धोका जास्त.

मी डॉक्टर नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा वाद फार ओळखीचा वाटला. चूक बहिणीची, असं म्हणून आयुर्वेदाच्या बाजूने सुटका करून घेणं मला पटत नाही. खरी गुळवेलही सगळ्यांना सोसेल असं कुठल्या निघंटूने लिहिलंय? दुसरीकडे, ज्या रुग्णाने पुडी आणली त्याला आत काय आहे हे सांगता येत नव्हतं, हेही तितकंच खरं. यकृताचा त्रास असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढं मात्र मी इथून बोलून ठेवतो.

आणि तोडणारे? ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत कंपन्यांना गुळवेल पुरवायला सुरुवात केली, त्याची बातमी त्याच दिवसांत आली होती. त्यांना कुठली वेल घ्यायची, किती सोडायची, हे विचारायला निघंटू लागत नाही. पुडीवर कंपनीचं नाव असतं, बॅच क्रमांक असतो.

हा तुकडा मी इथेच ठेवतोय. शेजारी सुरी आहे. ज्यांना चक्र बघायचंय त्यांनी पुढे या, आणि कापलेला भाग घरी नेऊन कुंडीत खोचा.