'पूद': रद्द झालेले माप, टिकलेला शब्द

'पूद' हे रशियातील वजनाचे जुने माप. एक पूद म्हणजे 40 'फुंत', अर्थात सुमारे 16.38 किलोग्रॅम. मराठी वाचकाला यावरून 40 शेरांचा मण आठवेल. दोन्ही मापांचे वजन निराळे असले, तरी विभागणी तीच.

या शब्दाचे मूळ 'वजन' या अर्थाच्या 'पोंदुस' ह्या लॅटिन शब्दाशी जोडले जाते. जर्मनिक भाषांत त्याचे 'पुंद' झाले आणि स्कँडिनेव्हियन व्यापाऱ्यांबरोबर ते प्राचीन रशियनमध्ये आले, असे सामान्यतः मानले जाते. तेथे 'न'चा लोप होऊन 'पूद' उरले. पुढे याच लॅटिन मुळाचे जर्मन रूप 'फुंत' म्हणून रशियात रुजले. म्हणजे एकच शब्द दोन वाटांनी आला आणि त्याचे एक रूप दुसऱ्याच्या चाळीसपट ठरले! इंग्रजीतून मराठीत आलेला 'पौंड'ही याच कुळातला.

1918 मध्ये सोव्हिएत सरकारने मेट्रिक पद्धतीचा हुकूम काढला आणि 1920च्या दशकात पूद अधिकृत व्यवहारातून हद्दपार झाला. तरीही 1956 मध्ये कझाकस्तानने राज्याला पुरवलेल्या विक्रमी धान्याचा गौरव झाला तो 'अब्ज पूद' याच शब्दांत. टनांमध्ये सांगितलेला आकडा शेतकऱ्याच्या मनाला तसा भिडला नसता.

बोलीत तर हा शब्द आजही वावरतो. एखाद्याला खरे ओळखायचे, तर त्याच्यासोबत पूदभर मीठ खावे लागते, असे रशियन माणूस म्हणतो. दोघांना तेवढे मीठ संपवायला काही वर्षे सहज लागतील. मराठीत खाल्ल्या मिठाला जागणे ही निष्ठा. रशियनमध्ये मिठाचा संबंध दीर्घ सहवासाशी. 'शंभर पुदांनी' या अर्थाचा 'स्तोपूदोवो' हा शब्द तरुणांच्या तोंडी 'निःसंशय' म्हणून रूढ आहे.

परदेशस्थ वाचकांना पूद व्यायामशाळेतही भेटतो. केटलबेल हे मुळात रशियन साधन. त्याची 16, 24 आणि 32 किलोंची प्रचलित वजने म्हणजे अनुक्रमे एक, दीड आणि दोन पूद. हे आकडे असे का, याचे उत्तर त्या जुन्या मापातच आहे.