टॉवर नाही, तरी मेसेज कसा जातो?

साध्या ४जी फोनवरून थेट उपग्रहाला मेसेज! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, फोनमध्ये वेगळी चिप असणार. तसं काही नाही. अमेरिकेत टी-मोबाइलने आपल्याच १९०० मेगाहर्ट्झ बँडचा ५+५ मेगाहर्ट्झचा तुकडा स्टारलिंकच्या उपग्रहांना वापरायला दिलाय. फोनला उपग्रह म्हणजे एक लांबचा टॉवरच वाटतो.

अशा वाटणीचे नियम तिथल्या एफसीसीने २०२४ मध्ये केले. एटी अँड टी आणि व्हेरायझन तरी कुरकुरलेच: शेजारच्या बँडमधल्या आमच्या सिग्नलला त्रास होईल!

मला खरी अडचण दुसरीच वाटते. उपग्रहाचा एक झोत कित्येक किलोमीटर पसरतो, आणि त्याखालच्या सगळ्या फोननी तो छोटा तुकडा वाटून घ्यायचा. म्हणूनच सुरुवात मेसेजपासून झाली. रील्स विसरा, पण तिथे डोंगरात अडकलात, तर ९११ला मेसेज जाऊ शकतो. फक्त डोक्यावर आकाश मोकळं हवं.