वेस्टसेल ३२

वेस्टसेल ३२ : फायबरग्लासची शिडाची नौका. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७१ पासून साधारण दशकभर बांधली जात होती. डेकवरची लांबी ३२ फूट, रुंदी ११ फूट, पाण्याखाली सुमारे ५ फूट बुडणारी. वजन नऊ टनांच्या आसपास. त्यात सात हजार पौंड नुसते तळाला घातलेले वजन. दोन्ही टोकांना निमुळती, सुकाणू मागच्या टोकाला बाहेरून टांगलेले आणि तळाचा कणा पुढून मागेपर्यंत सलग. जडपणामुळे खलाशांनी तिचे नाव ‘वेटस्नेल’, म्हणजे ओली गोगलगाय, असे फिरवून टाकले. ही चेष्टा मंद वाऱ्यात खरी वाटते, वादळात नाही.

नवे साहित्य आणि जुना आकार हे या नौकेचे वैशिष्ट्य. आकाराचा माग नॉर्वेपर्यंत जातो. स्कॉटिश आईबापांच्या पोटी लार्विक गावी जन्मलेला जहाजरचनाकार कॉलिन आर्चर (१८३२–१९२१) याने मासेमारांना वाचवण्यासाठी ४७ फुटी शिडाच्या बचावनौका आखल्या. पहिली १८९३ ची. ध्रुवसंशोधक नान्सेनचे जहाज ‘फ्राम’ही त्याचेच. कितीही लाटा उसळल्या तरी समुद्रावर टिकून राहायचे, हे या बचावनौकांचे काम. १९२०च्या दशकात अमेरिकी रचनाकार विल्यम ॲटकिन याने ‘मोटर बोट’ मासिकाचा संपादक विल्यम नटिंग याच्या सांगण्यावरून तो आकार ३२ फुटांवर आणला. त्या आराखड्याचे नाव ‘एरिक’. नटिंग स्वतः १९२४ मध्ये ग्रीनलंडकडच्या समुद्रात नौकेसह बेपत्ता झाला. वेस्टसेलला सर्रास ‘कॉलिन आर्चर’ म्हणतात ते ढिलेपणाचे आहे. आर्चर तिचा पणजोबा म्हणावा. हात ॲटकिनचा आणि पुढे आणखी एकाचा.

एरिकची सर्वांत प्रसिद्ध लेक मात्र मुंबईची. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात कुलाब्याला सागवानाची ‘सुहेली’ बांधून घेतली. मागवला होता दुसराच आराखडा; आला तो एरिकचा, आणि त्यावरच काम सुरू झाले. नाव इराणच्या आखातातील आग्नेय वाऱ्याचे. हीच नौका घेऊन तो १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. कुठेही न थांबता एकट्याने केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. गोल्डन ग्लोब या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी पोहोचला तो एकटाच. पुढे गोव्यात सुहेलीची प्रतिकृती ‘थुरिया’ बांधली गेली. ती घेऊन भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले होते. त्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी जखमी झाले.

फायबरग्लासची बहीण याच सुमारास कॅलिफोर्नियात जन्मली. ॲटकिनच्या आराखड्यांवरून डब्ल्यू. आय. बी. क्रेलॉक याने नवा आकार आखला आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘केंडॉल ३२’ नावाने ती साच्यातून निघू लागली. कंपनी बुडाली. साचे दिवाळखोरीच्या लिलावात निघाले आणि स्नायडर व लिन विक या जोडप्याने ते घेतले. वेस्टसेल कंपनीचा आरंभ तिथून. आठशेहून अधिक नौका बांधल्या गेल्या. जगप्रवासाचे स्वप्न पाहणाऱ्यांना कंपनीने निव्वळ सांगाडाही विकला : आतले लाकूडकाम, टाक्या, शिडे सगळे ज्याचे त्याने करायचे. निम्म्याच्या आसपास नौका अशा अर्धवट अवस्थेत गिऱ्हाइकांच्या अंगणात गेल्या.

ऑक्टोबर १९९१ च्या अखेरच्या अटलांटिक वादळात ‘सटोरी’ या वेस्टसेलवरील तिघांना तटरक्षकांनी उतरवून घेतले. नौका मात्र बुडाली नाही. काही दिवसांनी ती मेरीलँडच्या किनाऱ्यावर वाळूत जवळजवळ धडधाकट सापडली. पुढे सेबॅस्टियन युंगर याने ‘द परफेक्ट स्टॉर्म’ या पुस्तकात तिची हकिकत लिहिली.

एखाद्या जुन्या नौकेचे मूळ शोधताना निव्वळ सांगाडा विकण्याची ही पद्धतच अडचण बनते. घरी पूर्ण केलेल्या दोन वेस्टसेल आतून एकमेकींना ओळख देत नाहीत. एकीत सुताराचा हात दिसतो, दुसरीत हौशी माणसाचा करवतीवरचा राग. आतल्या रचनेवरून निर्माता ठरवू नये. बाहेरचा आकार पाहावा, मग डेक : केंडॉलचे सपाट, तर वेस्टसेलवर बहुधा केबिनचे छप्पर वर उचललेले. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या नौकेवर बारा अक्षरांकांचा ओळखक्रमांक सक्तीचा झाला. तो मागच्या टोकाला, उजव्या अंगाला कोरलेला असतो. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची, पुढची पाच अनुक्रमाची, उरलेली चार काळाची. त्याआधीच्या नौकांसाठी विक्रीपत्रे आणि नोंदणीचे कागद धुंडाळावे लागतात. क्रमांकावर रंगाचे थर चढलेले असतील, तर आधी खरवडावे.