जुन्या वस्तीतील रस्त्यांची पुनर्बांधणी : मुंबईचा पूर्वानुभव आणि नीरा-नरसिंहपूर

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, भीमा व नीरा या नद्यांच्या संगमावर नरसिंहपूर वसले आहे. येथील लक्ष्मी-नृसिंह हे महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. साहजिकच गावच्या वस्तीच्या मानाने येथील गल्ल्यांवरील वर्दळ कितीतरी अधिक असते. राज्य शासनाच्या तीर्थक्षेत्र विकास आराखड्यात गावाचा समावेश झाल्यापासून घाटांबरोबरच रस्त्यांचा प्रश्नही ऐरणीवर आला. जुना रस्ता नव्याने बांधणे म्हणजे तो रुंद करणे, असे समीकरण अशा वेळी सर्वत्र गृहीत धरले जाते. या समीकरणाला एक इतिहास आहे, आणि तो प्रामुख्याने मुंबईचा आहे.

प्लेग आणि रस्त्याची रुंदी

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथीने शहर हादरले. तिची परिणती म्हणून 1898 च्या कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ अस्तित्वात आला. कोंदट हवा व ओलसर, घाणीने भरलेली जमीन हेच रोगाचे मूळ, ही तत्कालीन राज्यकर्त्यांची धारणा होती. म्हणून दाट वस्ती चिरून समुद्रावरील वारा आत आणणारे पूर्व-पश्चिम रस्ते आखण्यात आले. प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामलदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) ही त्याची ठळक उदाहरणे होत. रस्ता येथे केवळ रहदारीचा मार्ग नव्हता. तो जणू शहराचे धुराडे होता. योगायोग असा की, त्याच 1898 साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत उंदरावरील पिसू हीच प्लेगची वाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले. मात्र हा निष्कर्ष सर्वमान्य होण्यास पुढे काही वर्षे गेली. तोवर घरे पाडणे सुरूच होते.

विस्थापितांचे काय झाले, हा प्रश्न अधिक बोलका आहे. पहिल्या दोन दशकांत ट्रस्टने बांधलेल्या खोल्यांपेक्षा पाडलेल्या खोल्यांची संख्या अधिक होती. रोजगाराचे ठिकाण सोडून दूर जाणे गरिबांना परवडणारे नव्हते. ते शेजारच्या चाळींत शिरले आणि एका गल्लीची दाटी दुसऱ्या गल्लीत गेली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांना ही मर्यादा जाणवली होती. उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर आधी वस्ती उभारावी व मग जुन्या भागाला हात लावावा, हा त्यांचा ‘अप्रत्यक्ष’ मार्ग त्यातूनच पुढे आला. दादर-माटुंगा येथील नियोजित वस्ती हे त्याचे दृश्य फळ होय.

पॅट्रिक गेडिस यांची हरकत

1914 मध्ये भारतात आलेले व 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस यांनी या सरळ रेषेच्या नियोजनावर कठोर टीका केली. त्यांची पद्धत साधी होती : आधी गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, प्रत्येक घर, झाड, विहीर, देऊळ नकाशावर घ्यावे, पडीक झालेली मोजकी घरेच काढावीत आणि त्या जागी लहान चौक मोकळे करावेत. घाव कमीत कमी घालायचा, हे त्यामागील सूत्र. ट्रस्टच्या अधिकाऱ्यांना ही भाबडेपणाची गोष्ट वाटली असल्यास नवल नाही. परंतु खर्च व विस्थापन या दोन्ही कसोट्यांवर तिचे म्हणणे आजही खोडून काढणे अवघड आहे.

नरसिंहपूरच्या संदर्भात

मुंबईची दाटी नरसिंहपुरात नाही, हे मान्यच करावयास हवे. परंतु नदीकाठच्या या गावाची स्वतःची एक अडचण आहे, आणि ती रुंदीची नसून पातळीची आहे. भीमेवरील उजनी व नीरेवरील वीर या धरणांतून एकाच वेळी मोठा विसर्ग झाला की संगमाची पातळी वाढते. जुन्या घरांची जोती उंच घेतली जात ती विनाकारण नव्हे. गावोगावच्या कामांत मात्र जुना थर न खरवडता त्यावरच काँक्रीटचा नवा थर ओतला जातो. दर खेपेस रस्ता काही इंच वर येतो, ओट्याची पायरी कमी होते आणि अखेरीस पावसाचे पाणी उंबऱ्याशी येऊन थांबते. जोते वाढविण्याची ऐपत ज्याची नाही, त्याच्याच घरात ते शिरते. रस्ता ‘पूर्ण’ झाल्याचा दाखला मात्र मिळालेला असतो!

दुसरी अडचण हद्दीची. गावठाणांतील घरांची मोजणी दीर्घकाळ झालेलीच नसल्याने ओटा कोणाचा व रस्ता कोणाचा, हा वाद बव्हंशी परंपरेच्या आधारेच मिटविला गेला. पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा पथदर्शी प्रयोग झाला. पुढे 2020 मध्ये केंद्राची ‘स्वामित्व’ योजना आली व मिळकत पत्रिका देण्यास आरंभ झाला. ओट्याचा पुरावा हाती नसताना रुंदीकरण झाल्यास नुकसानभरपाईचा दावा टिकत नाही. म्हणून रस्त्याच्या आखणीआधी मोजणी पूर्ण होणे रहिवाशांच्या हिताचे ठरते.

अर्थात, मिळकत पत्रिकेत क्षेत्र व हद्द येते, जोत्याची उंची येत नाही. गल्लीतील प्रत्येक उंबरा, गटाराचा तळ व घाटाची वरची पायरी यांची तुलनात्मक पातळी लेव्हल यंत्राने थोड्या दिवसांत घेता येते. आराखड्याच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र बाब धरावी लागेल, आणि ती पहिल्या काँक्रीटच्या आधी खर्ची पडावी लागेल.