जिन्यातले पोलीस

पोलीस मी पहिल्यांदा जवळून पाहिले ते आमच्या चाळीच्या जिन्यात. साल १९८४. मी चौथीत होतो. डोंबिवली पूर्वेला आमची दुमजली चाळ होती, आणि खालच्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाला त्या दिवशी घर रिकामं करावं लागलं.

एक बेलिफ, दोन हवालदार, घरमालकाचा मुलगा आणि चार हमाल. आम्ही पोरं कठड्याला लटकून बघत होतो. आधी पलंग बाहेर आला, मग पिंप, मग पत्र्याच्या ट्रंका. काकूंचं दूध स्टोव्हवर होतं. हमाल स्टोव्हकडे वळला तसा एक हवालदार म्हणाला, "थांब रे, दूध तापू दे." सगळे थांबले. दूध तापलं. मग स्टोव्हही बाहेर गेला.

रात्री मी बाबांना विचारलं, "पोलिसांनी त्यांना का हाकललं?" बाबा म्हणाले, "पोलिसांनी नाही, कोर्टाने. पोलीस नुसते उभे होते."

हे "नुसते उभे होते" मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

भाडेकरूला संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये आला. पण आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असायचा तो 'रेंट ॲक्ट' १९४७ चा. त्याने भाडं बांधून टाकलं ते सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. भाकरी महागली, सोनं महागलं, खोलीचं भाडं तिथेच. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू खोली सोडेना, आणि मधल्या मध्ये पागडी नावाचा उघड गुपित व्यवहार फोफावला. शेवटी १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोठवलेल्या भाड्याची ही पद्धत आता वाजवी राहिलेली नाही असं म्हटलं. मग १९९९ चा नवा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला ४ टक्के भाडेवाढ आली आणि पागडीलाही कायद्यात जागा मिळाली.

या सगळ्यात पोलीस कुठे? जवळजवळ कुठेच नाहीत! भाडं थकलं तरी मालकाने आधी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. मग दावा. मुंबईत स्मॉल कॉज कोर्टात, आमच्याकडे कल्याणच्या दिवाणी कोर्टात. निकाल, अपील, मग दरखास्त, मग कब्जा वॉरंट. ते घेऊन येतो बेलिफ. कुलूप तोडायचा, माणसाला बाहेर काढायचा अधिकार दिवाणी कायद्याने त्याला दिलेला. कुणी अडवेल अशी भीती असली तर कोर्टाकडून पोलीस बंदोबस्त मागायचा. म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या गोष्टीत पोलीस येतात शेवटच्या पानावर. मालक थेट चौकीत गेला तर उत्तर मिळायला हवं, "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." उलट मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर तो गुन्हा ठरतो.

पण आमच्या ठाणे-डोंबिवलीत पोलीस जिन्यात येण्याची दुसरीही एक वाट आहे, आणि तिथे दाव्याची वाट बघत नाहीत. ती म्हणजे धोकादायक इमारत.

२८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत मातृछाया इमारत कोसळली. आठवडाभरातच, ४ ऑगस्टच्या पहाटे, ठाण्यात नौपाड्याला बी केबिनजवळ कृष्णा निवास कोसळली. दोन्हीकडे माणसं झोपेच्या वेळी गेली. अशा इमारतींसाठी १९४९ च्या महापालिका कायद्यात तरतूद आहे. आयुक्त इमारत रिकामी करायला सांगू शकतात आणि जो ऐकणार नाही त्याला बाहेर काढायला पोलिसांना सांगू शकतात.

"भिंतींना तडे गेलेत तरी लोक निघत का नाहीत?" असं तेव्हा टीव्हीवर सगळे विचारत होते. मला हा प्रश्न पडला नाही, कारण उत्तर आमच्या घरातच होतं... माईमावशी.

ठाण्याच्या जुन्या भागात तिची पागडीची खोली, १८० चौरस फूट. त्या पावसाळ्यात इमारत रिकामी करायचा दिवस आला. खाली पोलिसांची गाडी. सगळे उतरले, मावशी उतरेना. तिला छप्पर पडायची भीती नव्हती असं नाही. पण इमारत पाडली की आपण तिथे राहत होतो याचा पुरावाही पडतो, ही भीती मोठी होती. जून २०१४ मध्येच मुंबई हायकोर्टाने सांगितलं होतं की पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूचं नाव आणि क्षेत्रफळ नोंदवा, इमारत गेली म्हणून त्याचा हक्क जात नाही. मोजमाप झालंही होतं. पण मावशीला ते स्वतः वाचायचं होतं, आणि चष्मा सामानात बांधला गेला होता!

शेवटी एका महिला पोलिसाने खालून यादी मागवली आणि दारात उभं राहून मोठ्याने वाचली. नाव, खोली नंबर, १८० चौरस फूट. "पुन्हा वाच ग," मावशी म्हणाली. तिने पुन्हा वाचली. मग मावशी देव्हारा घेऊन उतरली.

मावशी २०२१ मध्ये गेली. भूखंडावर अजून गवत आहे. मालक आणि बिल्डर यांचं काय बिनसलंय ते त्यांनाच ठाऊक. पण त्या यादीची प्रत मावसभावाच्या कपाटात आहे, आणि त्याचा सगळा भरवसा त्या एका कागदावर आहे.

१९८४ च्या त्या काका-काकूंचं पुढे काय झालं कळलं नाही. त्यांना निदान कोर्टात बोलायला मिळालं होतं. मावशीला बोलायला मिळाली ती दारातली दहा मिनिटं. दोन्ही वेळा पोलीस नुसते उभे होते, हे खरं. पण उभं राहूनही दूध तापेपर्यंत थांबता येतं, यादी दोनदा वाचता येते.

असो. तुमच्यापैकी ज्यांची घरं अजून पागडीची आहेत त्यांनी भाडेपावत्या आज एकदा शोधून ठेवा. चष्म्यासकट.