अनुदानग्राहींची वित्तीय क्षमता : अमेरिकेच्या न्यायसुधारणा कार्यक्रमांतील तपासणी

सरकारकडे अनुदान मागणारी संस्था तो पैसा इतर पैशांत न मिसळता ठेवील का, ठरलेल्या कामावरच खर्च करील का आणि काम संपल्यावर तीन वर्षांनी विचारले तरी खर्चाचा कागद काढून दाखवील का, हे अनुदान देण्याआधी आणि दिल्यावरही पाहण्याची पद्धत म्हणजे वित्तीय क्षमतेची तपासणी. सुटून आलेल्या कैद्यांचे पुनर्वसन, बालन्याय, गुन्ह्यांच्या बळींना मदत, वस्तीतला हिंसाचार रोखणे अशा कामांसाठी अमेरिकेच्या संघ सरकारचा न्याय विभाग अनुदाने देतो. त्यांतील मोठा भाग ‘ऑफिस ऑफ जस्टिस प्रोग्रॅम्स’ या कार्यालयामार्फत जातो. त्याला पुढे ‘ओजेपी’ म्हटले आहे. ही नोंद मुख्यतः त्याच्या पद्धतीविषयी आहे.

‘क्षमता’ या शब्दाने फसगत होते. येथे संस्थेची श्रीमंती मोजायची नसते. बँकेत भरपूर ठेवी असलेली संस्था या तपासणीत अडकू शकते आणि भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारी संस्था सहज पार पडू शकते. पाहायची असते ती कीर्द, खतावणी आणि त्यांच्यामागची शिस्त. नियम असे सांगतात. व्यवहारात मात्र शिल्लक नसलेल्या संस्थेचीच कोंडी अधिक होते. तिची कारणे पुढे येतील.

या पद्धतीची मुळे १९६८च्या गुन्हेनियंत्रण कायद्यात आहेत. त्या कायद्याने ‘लॉ एन्फोर्समेंट असिस्टन्स अॅडमिनिस्ट्रेशन’ ही यंत्रणा उभी राहिली आणि राज्यांना एकगठ्ठा रकमा मिळू लागल्या. पैसा सुधारणेपेक्षा पोलिसांच्या साधनसामग्रीवर जातो आणि त्यावर देखरेख ढिली आहे, अशी टीका तिच्यावर सतत होत राहिली. १९८२मध्ये ती गुंडाळली गेली. ऑक्टोबर १९८४मध्ये, एकाच महिन्यात, दोन कायदे झाले. एकातून ओजेपी जन्मले. दुसरा होता एकत्रित लेखापरीक्षणाचा कायदा. त्याआधी प्रत्येक अनुदानासाठी वेगळा तपासनीस येऊ शकत असे. आता एका संस्थेच्या सर्व संघीय अनुदानांचे मिळून वर्षाला एक लेखापरीक्षण ठरले. वर्षभरातल्या किती संघीय पैशापासून ते सक्तीचे होते, ती मर्यादा सुरुवातीला १ लाख डॉलर होती. पुढे ती ३ लाख, ५ लाख आणि साडेसात लाख अशी वाढत गेली, आणि १ ऑक्टोबर २०२४पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी १० लाख डॉलर झाली. मर्यादा वाढली की लहान संस्थांचा लेखापरीक्षणाचा खर्च वाचतो, पण त्यांच्याजवळ दाखवायला अहवालही उरत नाही. मग अनुदान देणाऱ्याला संस्थेनेच स्वतःविषयी लिहून दिलेल्या उत्तरांवर अधिक विसंबावे लागते.

आज सर्व संघीय खात्यांना लागू असलेली एकसमान नियमावली डिसेंबर २०१३मध्ये प्रसिद्ध झाली, एका वर्षाने अमलात आली आणि २०२४मध्ये तिच्यात मोठी दुरुस्ती झाली. अनुदान देण्यापूर्वी अर्जदाराची जोखीम तपासावी, असे ती सांगते. त्यासाठी आर्थिक स्थैर्य, व्यवस्थापनाची पद्धत, आधीच्या अनुदानांचा इतिहास, लेखापरीक्षणातील आक्षेप आणि नियम पाळण्याची कुवत या गोष्टी पाहायच्या असतात. न्याय विभागाची स्वतःची वित्तीय मार्गदर्शिकाही आहे आणि अनुदान घेणाऱ्या संस्थांचे हिशेबनीस ती टेबलावरून हलू देत नाहीत.

तपासणीचा गाभा एका प्रश्नावलीत आहे. ओजेपीकडे अर्ज करणाऱ्या संस्थेला ती भरावी लागते आणि संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याला उत्तरे खरी असल्याचे प्रमाणित करावे लागते. शेवटचे लेखापरीक्षण कधी झाले? लेखापरीक्षकाने निर्वेध मत दिले, सशर्त दिले, की मत द्यायलाच नकार दिला? हिशेब हाताने लिहिले जातात की संगणकावर? प्रत्येक अनुदानाची जमा आणि खर्च वेगवेगळी दाखवता येते का? मंजूर अंदाजपत्रकाच्या शीर्षाबाहेर खर्च जाऊ लागला तर तो अडवण्याची सोय आहे का? एक कर्मचारी दोन अनुदानांवर काम करीत असेल तर त्याच्या वेळेची नोंद कशी ठेवली जाते? खरेदीचे नियम लेखी आहेत का? इतर कोणत्या खात्याने संस्थेला ‘अधिक जोखमीची’ ठरवले आहे का? प्रश्न साधे दिसतात. त्यांतला वेळेच्या नोंदीचा प्रश्न सर्वांत फसवा आहे. पगार हा अशा अनुदानांतला बहुधा सर्वांत मोठा खर्च असतो, आणि अंदाजपत्रकात लिहिलेली अर्धी-अर्धी वाटणी दरमहा जशीच्या तशी टाइमशीटवर उतरवण्याची खोड अनेक संस्थांना असते. नियमाला प्रत्यक्ष केलेल्या कामाची नोंद हवी असते.

उत्तरे आली की ओजेपीचे मुख्य वित्त अधिकारी कार्यालय ती अंदाजपत्रकासह तपासते. अनुदान जाहीर झाले तरी वित्तीय मंजुरी मिळेपर्यंत रक्कम उचलण्यावर बंधन असू शकते. नव्या संस्थांची पहिली निराशा बहुधा येथे होते, कारण पत्र हातात असते आणि खात्यात काही नसते. अनुदान स्वीकारल्यावर संस्थेच्या वित्तविषयक प्रतिनिधीला १२० दिवसांच्या आत प्रशिक्षण पुरे करावे लागते. खर्चाचे विवरण दर तिमाहीला, ती संपल्यावर ३० दिवसांत द्यायचे असते. देखरेखीसाठी ओजेपीत लेखापरीक्षण व मूल्यमापनाचे वेगळे कार्यालय आहे, आणि चालू अनुदानांच्या एकूण रकमेपैकी निदान १० टक्के रकमेची दरवर्षी सखोल पाहणी व्हावी, असे कायदा सांगतो.

जोखीम अधिक दिसली तर अर्ज फेटाळलाच जातो असे नाही. बहुतेकदा अनुदानाला विशेष अटी जोडल्या जातात. पैसे आगाऊ न देता खर्चाची प्रतिपूर्ती करणे, पुढचा टप्पा अडवून धरणे, जादा अहवाल मागणे, ठरावीक खर्चांना पूर्वपरवानगी लावणे, किंवा हिशेबासाठी बाहेरची मदत घ्यायला भाग पाडणे, अशा त्या असतात. संस्थेने कारण दूर केले की अट काढून घ्यावी, असाही नियम आहे.

मोठे नाव म्हणजे पक्का हिशेब नव्हे, याचा ठळक दाखला ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेचा. ज्या चळवळीची ती राष्ट्रीय संस्था आहे ती १९०४पासूनची, मुलांना मोठ्यांचा आधार मिळवून देणारी, देशभर पसरलेली. तिला बालन्यायाच्या कार्यक्रमांतून मिळालेल्या सुमारे २.३ कोटी डॉलरची न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी तपासणी केली. जून २०१३च्या अहवालात सुमारे १.९५ कोटी डॉलरच्या खर्चावर आक्षेप आला. अनुदानाचा पैसा संस्थेच्या सर्वसाधारण निधीत मिसळला होता आणि खर्चाला पुरेसे कागद नव्हते, हे मुख्य दोष. ओजेपीने रकमा गोठवल्या आणि २०१६मध्ये संस्थेने १६ लाख डॉलर देऊन दिवाणी तडजोड केली. वेगळे खाते, वेगळी खतावणी, वेगळी पावती-फाइल एवढी साधी शिस्त पाळली असती तर हे प्रकरण घडले नसते.

न्यायसुधारणेच्या कामात काही अडचणी अशा आहेत की सामान्य हिशेबनीसाला त्या माहीतही नसतात. पहिली गुप्ततेची. घरगुती हिंसाचारातून सुटलेल्या स्त्रीला संस्था महिनाभराचे भाडे देते. लेखापरीक्षकाला पावती हवी, आणि पावतीवर तिचे नाव व पत्ता. पण स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा संघीय कायदा तिची ओळख तिच्या लेखी संमतीशिवाय उघड करू देत नाही. नीट चालणाऱ्या संस्था व्हाउचरवर सांकेतिक क्रमांक टाकतात आणि क्रमांक-नावाची जोडवही वेगळ्या कुलपात ठेवतात. ही व्यवस्था लेखी धोरणात नसेल तर तपासणीच्या दिवशी एक तर हिशेब अपुरा दिसतो, नाहीतर कायदा मोडतो.

दुसरी अडचण किरकोळ वाटपाची. सुटलेल्या माणसाला बसचा पास, गिफ्ट कार्ड, ओळखपत्राची फी असे दहा-वीस डॉलरचे खर्च शेकड्याने होतात. प्रत्येक कार्ड रोख रकमेसारखेच असते. किती घेतली, किती दिली, कोणी सही केली, किती उरली, याची नोंदवही नसेल तर सगळी रक्कम आक्षेपात जाते, भले ती खरोखरच गरजूंच्या हाती पडलेली असो.

तिसरी अडचण माणसांची आहे. या क्षेत्रातल्या चांगल्या संस्था अनेकदा तुरुंग पाहिलेल्या माणसांनीच उभ्या केलेल्या असतात, आणि वस्तीत त्यांचा शब्द चालतो तो त्यामुळेच. मात्र पैसा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अफरातफरीविरुद्ध विमा काढलेला आहे का, हे पैसे देणारा विचारतो आणि शिक्षा भोगलेल्या माणसाला तो विमा मिळणे अवघड असते. अमेरिकेच्या श्रम विभागाने १९६६पासून यावर एक उपाय चालवला आहे. अशा माणसाला नोकरी देणाऱ्या मालकाला पहिल्या सहा महिन्यांसाठी किमान ५,००० डॉलरचा विश्वासबंध, म्हणजे असाच विमा, विनामूल्य मिळतो. तजवीज उपयुक्त आहे, पण लाखो डॉलर सांभाळणाऱ्या माणसासाठी पुरेशी नाही.

आता शिल्लकेचा प्रश्न. संघीय नियम आगाऊ रकमेला परवानगी देतात, मात्र न्याय विभागाच्या मार्गदर्शिकेनुसार ती लगेच किंवा १० दिवसांत खर्च होण्याइतकीच उचलायची असते. अधिक जोखमीच्या ठरलेल्या संस्थेला ही सवलतही नाकारली जाऊ शकते, आणि राज्य सरकारमार्फत येणारे उपअनुदान अनेकदा प्रतिपूर्तीनेच मिळते. समजा, एका संस्थेला वर्षाला २,४०,००० डॉलर मंजूर झाले. महिन्याचा खर्च २०,००० डॉलर. महिना संपल्यावर बिल जाते आणि पैसे यायला पंचेचाळीस दिवस लागतात. म्हणजे पगार थकू द्यायचे नसतील तर सुमारे ५०,००० डॉलर संस्थेच्या स्वतःच्या खिशात हवेत, आणि कर्ज काढावे तर त्याचे व्याज सहसा अनुदानात बसत नाही. कागदावर संस्था पूर्ण सक्षम असते आणि तिसऱ्या महिन्यात बंद पडते. या लेखकाच्या मते प्रश्नावलीतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. संस्था हिशेब ठेवू शकते का, हे ती बारकाईने विचारते. पण दात्याच्या उशिरामुळे पडणारे भगदाड संस्था कशाने बुजवणार, हे ती धड विचारत नाही.

हिशेब सांभाळायला माणूस हवा आणि त्याच्या पगाराला पैसा हवा. ज्या संस्थेचा अप्रत्यक्ष (म्हणजे हिशेबनीसासारख्या सामाईक) खर्चाचा दर सरकारशी ठरलेला नाही, तिला पूर्वी ठरावीक प्रत्यक्ष खर्चांच्या १० टक्क्यांपर्यंत अप्रत्यक्ष खर्च घेता येत असे. २०२४च्या दुरुस्तीने ही मर्यादा १५ टक्के केली. लहान संस्थांना अर्धवेळ हिशेबनीस परवडू लागला तो या पाच टक्क्यांमुळे. त्या दुरुस्तीतले आमच्या दृष्टीने हेच सर्वांत कामाचे वाक्य.

२०२२च्या सुरक्षित समुदायविषयक कायद्याने वस्तीपातळीवरील हिंसाचार-प्रतिबंधासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठेवले, तेव्हा ही कोंडी उघड दिसली. ज्यांच्यासाठी पैसा होता त्यांतल्या अनेकांनी कधी संघीय अर्ज भरला नव्हता. उपाय म्हणून मध्यस्थ संस्था पुढे आल्या. अनुदान मोठ्या, अनुभवी संस्थेला मिळते. ती लहान संस्थांना उपअनुदान देते, त्यांच्या वह्या तपासते आणि त्यांना शिकवतेही. एकसमान नियमावलीप्रमाणे उपअनुदान घेणाऱ्याची जोखीम तपासण्याची जबाबदारी आता या मध्यस्थाची. सोय खरी आहे, पण मध्यस्थ धास्तीपोटी ओजेपीपेक्षा कडक अटी लावतो, असेही घडते.

हिशेब चोख असला म्हणजे अनुदान टिकतेच असेही नाही. एप्रिल २०२५मध्ये न्याय विभागाने ३६०हून अधिक अनुदाने मुदतीआधीच रद्द केली. त्यांची मूळ रक्कम सुमारे ८१ कोटी डॉलर होती. कारण हिशेबातला दोष हे नव्हते. ही अनुदाने विभागाच्या बदललेल्या प्राधान्यांत बसत नाहीत, असे सांगण्यात आले, आणि नियमावलीतल्या एका कलमाचा आधार त्यासाठी घेतला गेला. प्रश्नावलीत उत्तम ठरलेल्या संस्थांनाही कर्मचारी कमी करावे लागले.

भारतातली रीत वेगळी आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांनुसार अनुदान घेणाऱ्या संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थांचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. दोन्हींचा भर खर्च झाल्यावरच्या कागदावर आहे. मध्यस्थामार्फत लहान संस्थेला तयार करण्याचा अमेरिकी मार्ग परकीय पैशापुरता तर येथे बंदच आहे. परकीय अंशदान कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही, आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जाऊ देता येत नाही. त्याआधी ही मर्यादा ५० टक्के होती.