दूतावासाआधीचे वकील

परदेशात भारताची प्रतिमा घडवण्याचे काम आज परराष्ट्र खाते, पर्यटन खाते आणि दूतावास यांच्याकडे आहे. त्याचा माग काढत आपण मागे गेलो की सरकार लवकरच दिसेनासे होते आणि उरतात ते वकील. 1781 साली रघुनाथराव पेशव्यांचा वकील हणमंतराव दोन पारशी सहकाऱ्यांसह लंडनला पोचला. सोवळ्याओवळ्यामुळे या मंडळींचे फार हाल होत आहेत हे पाहून एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि स्वयंपाकपूजेसाठी बागेतले काचघर मोकळे करून दिले. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला भरणाऱ्या बर्कला हिंदुस्थानी माणूस असा जवळून दिसला. अर्थात, हणमंतराव देशाची बाजू मांडायला गेलेच नव्हते. त्यांचा प्रश्न होता धन्याच्या गादीचा.

रंगो बापूजी गुप्ते यांचे कामही सुरुवातीला तेवढेच होते. 1839 मध्ये कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना पदच्युत केले आणि दाद मागण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले. दाद मिळेना तेव्हा त्यांनी कंपनीच्या भागधारकांना आणि पार्लमेंटच्या सभासदांना गाठले. निवेदने आणि भाषणे छापून वाटली. गुलामगिरीविरुद्ध सभा गाजवणारे जॉर्ज टॉम्प्सन आणि खासदार जोसेफ ह्यूम त्यांच्या बाजूने उभे राहिले. 1847 मध्ये धनी काशीत वारले, 1848 मध्ये सातारा खालसा झाले, तरी हा वकील 1853 पर्यंत लंडनमध्येच चिवटपणे लढत होता. खटला हरला, पण स्थानिक मित्र जोडावा, छापील मजकूर पेरावा, पार्लमेंटात प्रश्न विचारायला लावावा, ही पुढे शंभर वर्षे चाललेली रीत त्यांच्या कामात पुरती दिसते. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला नसता तर आपण त्यांना बहुधा विसरलोच असतो.

धन्याच्या जागी देश आला तो दादाभाई नौरोजींच्या काळात. 1866 ची ईस्ट इंडिया असोसिएशन, 1889 ची काँग्रेसची ब्रिटिश कमिटी आणि 1890 पासून लंडनमध्ये निघालेले तिचे ‘इंडिया’ पत्र, अशी ही चढती कमान आहे. 1918 मध्ये टिळक इंग्रज पत्रकार चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी विलायतेला गेले आणि 1919 च्या फेब्रुवारीत तो हरले. तरीही लगेच न परतता ते मजूर पक्षाच्या नेत्यांना भेटत राहिले, पॅरिसच्या शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना त्यांनी पत्र धाडले. तिकडे न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय होमरूल लीग चालवत होते आणि डॉ. ना. सु. हर्डीकर त्यांच्या हाताखाली राबत होते.

आणि 1920 च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने ही परदेशी दुकाने बंद करायचे ठरवले. काम घरात करायचे, बाहेरच्यांची मनधरणी नको, हा गांधीजींचा आग्रह. 1927 मध्ये कॅथरीन मेयोचे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक आले आणि हिंदुस्थानची मलिन प्रतिमा अमेरिकेत घरोघरी पोचली, तेव्हा हा निर्णय महागात पडला असे कुणालाही वाटले असते. पण 21 मे 1930 रोजी धारासनाच्या मिठागरावर निःशस्त्र सत्याग्रही लाठ्या खात असताना युनायटेड प्रेसचा वेब मिलर तिथे हजर होता. त्याच्या बातमीने अमेरिकेत जे साधले, ते लंडनच्या कमिटीला तीस वर्षांत साधले नव्हते. गांधीजींचे गणित बरोबर ठरले, असे माझे मत.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारी झाले. मौलाना आझादांनी 1950 मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली, 1982 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 1985 मध्ये अमेरिकेत भारत महोत्सव झाले, 2002 मध्ये ‘इन्क्रेडिबल इंडिया’ ही पर्यटन मोहीम आली. योगदिनाचा ठराव 11 डिसेंबर 2014 रोजी संयुक्त राष्ट्रांत 177 सहप्रस्तावक देशांसह मंजूर झाला. समर्थक मात्र पुन्हा परतले आहेत, आता इंग्रज मित्रांच्या नव्हे तर अनिवासी भारतीयांच्या रूपात. 22 सप्टेंबर 2019 रोजी ह्यूस्टनच्या मैदानात अमेरिकेचे अध्यक्ष भारताच्या पंतप्रधानांशेजारी उभे राहिले, तो ‘हाउडी मोदी’ सोहळा भारत सरकारने नव्हे, तिथल्याच टेक्सास इंडिया फोरम या संस्थेने भरवला होता.